सत्काराच्या दिवशी केलेली सही

"शाल डाळिंबी आणू का मोरपंखी?" नाना इंगवल्यांनी विचारलं.

मी पायरीवर बसून बुटाच्या तळात अडकलेला चिखल काडीनं काढत होतो. "कुणाला?"

"तुला की रे जयवंता."

"मला कशाला शाल? थंडी तर अजून पडली नाही."

नाना माझ्याशेजारी टेकले. नाना म्हणजे आमच्या घोडेगल्ली तालीम मंडळाचे अध्यक्ष. तालीम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कुस्ती येते, पण आमच्या हौद्यातल्या मातीत त्या काळी मांजरं सोडली तर कुणी लोळत नव्हतं. कोल्हापुरातल्या बाकीच्या तालमींसारखा आमच्याही तालमीचा जीव फुटबॉलमध्ये होता. मी तिथला सेंटर हाफ. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, मागून आलेला बॉल घ्यायचा आणि पुढं कुणाला द्यायचा ते ठरवायचं, हे माझं काम. शाळकरी होतो तेव्हापासून मी तालमीची पिवळी जर्सी घालत होतो आणि आता माझी सदतिशी उलटली होती. दिवसा मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायचो, त्यामुळं मैदानावर मला सगळे गुरुजीच म्हणायचे. पाडणारेसुद्धा पाडून झाल्यावर "लागलं का गुरुजी?" असं विचारायचे.

"तुझा सत्कार करायचा ठरलाय," नाना म्हणाले. "रविवारी संध्याकाळी पाचला. मांडव, फेटा, नारळ, सगळं व्यवस्थित."

"सत्कार? कशाबद्दल?"

"तू केलेल्या सेवेबद्दल."

"सेवा अजून चालू आहे की नाना. पुढच्या महिन्यात हंगाम सुरू होतोय."

नानांनी माझ्या हातातला बूट काढून घेऊन पायरीखाली ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "डाळिंबीच आणतो. तू गोरा हायस, खुलून दिसंल."

ते कोपऱ्यावरून वळले आणि आतून माझी बायको इंदू बाहेर आली. तिच्या हातात लाटणं होतं.

"काढलं ना तुम्हाला?"

"काढलं कसलं? सत्कार करतायत."

"बाबूराव गोलकीपरचा पण सत्कारच केला होता."

ते खरं होतं. घोडेगल्लीत कुणाला कधी काढत नसत. 'आता तू नको' हे शब्द आमच्या तालमीत कुणाच्या तोंडून निघालेच नसते, इतकी ती माणसं भिडस्त. ते सत्कार करायचे. बाबूराव बिचारा हार, तुरे, भाषणं सगळं घेऊन घरी गेला, आठवड्यानं सरावाला आला आणि गोलमध्ये दुसराच उभा असलेला बघून म्हणाला, "ह्यो कोण?"

"नोंदणी कधी बंद होते?" इंदूनं विचारलं. कोणता खेळाडू कोणत्या संघाकडून खेळणार, त्याची सही दरवर्षी असोसिएशनच्या ऑफिसात व्हायची. एकदा मुदत गेली की वर्षभर घरी.

"रविवारी. संध्याकाळी सहाला."

"आणि सत्कार किती वाजता?"

"पाचला."

इंदू माझ्याकडं बघत राहिली. वजाबाकी न जमणाऱ्या पोराकडं मी जसा बघायचो, तशी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा वाजेपर्यंत मला शालीत गुंडाळून व्यासपीठावर बसवलं की मी दुसऱ्या कुठल्या तालमीकडं जाऊ शकणार नव्हतो. नाना भिडस्त होते, पण भोळे नव्हते.

मला अजून खेळायचं होतं. निदान एक हंगाम. का, ते मला धड सांगता आलं नसतं. संध्याकाळी मैदानावर पाय टाकला की दिवसभराचा खडू अंगावरून झडून जायचा, एवढंच. प्रश्न होता तो कुठं खेळायचं याचा.

हा प्रश्न एकदा पेठेत मोकाट सुटला आणि माझा राहिलाच नाही. न्हाव्यानं अर्धी दाढी करून वस्तरा थांबवला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या तोफखाना तालमीत गेलासा तर उरलेली अर्धी तिकडंच करून घ्यायची." चहावाल्यानं मला सोडून माझ्याबद्दल सगळ्यांना विचारलं. शाळेत तर चौथीच्या वर्गानं हजेरीच्या आधीच विषय काढला. मीही म्हटलं, चला, मतदान कसं असतं ते शिकवायचंच होतं.

"गुरुजींनी कुठं खेळावं? हात वर करून सांगा."

"घोडेगल्ली!" निम्मे हात.

"घोडेगल्लीनं नको म्हटलं तर?"

खिडकीजवळची शेवंता कांबळे उठली. "गुरुजी, तुम्ही गोलकीपर व्हा. त्याला पळावं लागत नाही."

"मला पळता येत नाही असं कोण म्हणतं?"

"काल मधल्या सुट्टीत तुम्ही बंड्याला पकडायला गेलात," शेवंता म्हणाली. "बंड्या थांबला म्हणून सापडला."

बंड्यानं खाली मान घालून दुजोरा दिला. मी मतदान थांबवलं आणि गुणाकार घेतला.

पहिला आला तो रंगराव. रंगराव माझा मेव्हणा, इंदूचा धाकटा भाऊ आणि तोफखाना तालमीचा सेक्रेटरी. आमची आणि तोफखान्याची मॅच असली की शहरातली अर्धी दुकानं बंद असत. लग्न झाल्यापासून प्रत्येक मॅचच्या सकाळी इंदू मला दही-साखर द्यायची आणि दुपारी तोफखान्याच्या बाजूला जाऊन बसायची. "दही बायकोनं दिलंय, बसलीय ती बहीण म्हणून," असं तिचं म्हणणं.

"दाजी, चला," रंगराव स्कूटर चालू ठेवूनच म्हणाला. "शेतावर मटण शिजतंय."

नोंदणीच्या आठवड्यात खेळाडूला मटणाला बोलावलं की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळायचा. शेतावर न्यायचं, जेवू घालायचं आणि सही होईपर्यंत दुसऱ्या कुणाची सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, अशी पद्धत. नुसतं जेवून यायचं, असं स्वतःला सांगत मी मागं बसलो.

उसाच्या कडेला झापाखाली सतरंजी पसरली होती. तोफखान्याची पाच-सहा मोठी माणसं बसली होती. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, आणि मग माणसं जवळ सरकली.

"दाजी, घोडेगल्लीचा तो नवा गोलकीपर कुठल्या बाजूला लवकर पडतो?"

"कॉर्नरच्या वेळी तुमच्यात हात वर करतात तो कशासाठी?"

"तुमचा डावा बॅक उजव्या पायानं मारतो का हो?"

मी हाड चोखत म्हणालो, "ते राहू दे. मला कुठं खेळवणार?"

सगळे रंगरावकडं बघायला लागले. रंगरावनं पळी उचलली. "दाजी, रस्सा घ्या."

"घेतला. मला कुठं खेळवणार, रंगराव?"

"तुमच्यासारखा अनुभवी माणूस नुसता आमच्या बाकावर बसला तरी घोडेगल्लीच्या पोटात गोळा येतोय. पांढरा वाढू का?"

तेवढ्या वेळात माझा प्रश्न तीनदा झाला आणि वाटी तीनदा भरली. रविवारी मांडवाच्या मागं स्कूटर घेऊन थांबतो, असं रंगराव निघताना म्हणाला. मी हो म्हटलं नाही. पण त्याचा रस्सा पोटात घेऊन नाही म्हणणंही जमलं नाही.

घरी येऊन इंदूला सांगितलं. मला वाटलं, ती खूश होईल.

"तोफखान्यात अजिबात जायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझं माहेर आहे ते!"

"म्हणूनच. उद्या आपलं भांडण झालं तर मी जायचं कुठं? तिथं तुम्हीच बसलेले असाल, माझ्या भावाच्या ताटात हात घालून."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दस्तगीर आला.

दस्तगीर बागवान माझा जुना विद्यार्थी. आता बावीस-तेवीस वर्षांचा तरणा गडी, गॅरेजमध्ये फिटर आणि नवी वसाहत नावाच्या संघाचा कप्तान. शहराच्या कडेला वाढलेल्या घरांमधली ही पोरं. त्यांना तालीम नाही, इमारत नाही, मागं पेठ नाही. ती खालच्या गटातून त्याच वर्षी वरच्या गटात आली होती. बॉल सुटला की अकराच्या अकरा त्याच्यामागं धावायची आणि बहुतेक वेळा त्याला ओलांडून पुढं जायची.

व्हरांड्यात उभं राहून त्यानं हातावरचं ग्रीस पँटला पुसलं. "गुरुजी, बोलायचं होतं. रागवू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवतो."

"तुमचा दम संपलाय."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मागं खिडकीत चौथीच्या वर्गाची डोकी एकावर एक रचली गेली होती.

"मागच्या हंगामात आम्ही तुमच्याबरोबर मैत्रीची मॅच खेळलो," दस्तगीर म्हणाला. "निम्मा खेळ झाल्यावर मी पोरांना सांगितलं, सगळे बॉल गुरुजींच्या बाजूनं न्या. तिथनंच दोन गोल केले."

"हे सांगायला आलास होय?"

"नाही. दुसरं पण बघितलं. तुम्ही बॉल माणसाला देत नाही. जागेला देता. जिथं कुणी नाही तिथं टाकता, आणि माणसानं तिथं यायचं असतं. घोडेगल्लीची पोरं आता तिथं पोचत नाहीत. लोकांना वाटतं, गुरुजींचा पास चुकला. आम्ही पोचतो गुरुजी. आम्हाला पोचायचं कुठं, तेवढंच कळत नाही."

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं खेळत होतो, पण माझा खेळ असा कुणी मला सांगितला नव्हता.

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"आमच्याकडून खेळा. पण सुरुवातीपासून नाही. शेवटची वीस मिनिटं. समोरचे दमलेले असतात, त्यांना तुमच्यामागं पळवत नाही. तोवर बाकावर बसायचं."

"बाकावर? मी?"

"होय गुरुजी."

"दस्तगीर, मी घोडेगल्लीचा सेंटर हाफ आहे. बाकावर बसायला तोफखान्याला मी मटणासकट परवडतो."

"तिथं शेवटची वीस मिनिटं पण मिळायची नाहीत."

"जा तू," मी म्हणालो.

तो गेला. खिडकीतून शेवंताचा आवाज आला, "गुरुजी, दादा बरोबर बोलतोय." मी आत जाऊन सगळ्यांना पाढे म्हणायला लावले. पाढे चालू असताना माझं लक्ष नव्हतं. सतराच्या पाढ्यात वर्ग सामुदायिक चुकला आणि मी पुढं जाऊ दिलं.

रविवारी घोडेगल्लीत मांडव पडला. माझ्या डोक्याला फेटा बांधला तो इतका घट्ट की भुवया वर गेल्या आणि मी संध्याकाळभर आश्चर्यचकित दिसत राहिलो. शाल डाळिंबीच होती. इंदू बायकांमध्ये पहिल्या रांगेत बसली होती. मांडवाच्या मागच्या कापडाला एक फट होती आणि त्यातून रंगरावच्या स्कूटरचा आरसा दिसत होता.

भाषणं सुरू झाली. एकानं सांगितलं, जयवंतराव अत्यंत मनमिळाऊ. दुसऱ्यानं सांगितलं, ते कधी कुणाला वाईट शब्द बोलले नाहीत. तिसऱ्यानं माझ्या अक्षराची स्तुती केली. मी वाट बघत होतो. एकाला तरी एखादा पास आठवेल, एखादी मॅच आठवेल. पण सगळे माझ्या स्वभावातून बाहेरच येईनात.

मी नानांच्या कानाशी वाकलो. "नाना, एक खरं सांगा. मी संपलोय का?"

"असं काय बोलतोस! वाघ हायस तू, वाघ."

"मग ह्या वर्षी खेळवा की."

"नारळ नीट धर," नाना म्हणाले. "फोटो काढतायत."

फोटो निघाला. तो अजून तालमीत लावलेला आहे. त्यात मी नारळाकडं असा बघतोय, जणू त्यालाच काहीतरी विचारलंय.

समोर चौथीची पोरं खाली बसली होती. त्यांच्याकडं बघताना माझ्या मनात आलं, एखाद्याचं गणित चुकलं असताना मी त्याच्या अक्षराची तारीफ करून त्याला घरी पाठवलं असतं तर? तो पोरगा आयुष्यभर सुंदर अक्षरात तेच चुकीचं उत्तर लिहीत बसला असता. आठवडाभर सगळ्या शहरानं मला काही ना काही सांगितलं होतं. माझ्या पाटीवर फुली एकट्या दस्तगीरनं मारली होती. आणि फुली मारून तो थांबला नव्हता, शेजारी बरोबर उत्तरही लिहून गेला होता.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," माईकवरून आवाज आला.

मी उभा राहिलो. साडेपाच होऊन गेले होते.

"मंडळी," मी म्हणालो, "मी जरा पाणी पिऊन येतो."

लोकांना वाटलं, माझा गळा दाटून आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इंदूनं लावला नाही. तिनं हळूच घड्याळ बघितलं आणि हातानं 'पळा' अशी खूण केली.

कापडाच्या फटीतून मी बाहेर आलो. रंगरावनं किक मारली. "बसा दाजी! मला माहीत होतं, तुम्ही येणार!"

स्कूटर बाजारातून सुटली. फेट्याचा शेमला मागं फडफडत होता आणि लोक वरात समजून बाजूला होत होते.

"रंगराव," मी त्याच्या कानात ओरडलो, "शेवटचं विचारतो. मला मैदानात उतरवणार का?"

"दाजी, घट्ट धरा, खड्डा आलाय!"

खड्डा नव्हता. रस्ता चांगला गुळगुळीत होता.

असोसिएशनच्या ऑफिसात शेवटच्या तासाची झुंबड होती. तोफखान्याची माणसं टेबलाजवळ हार घेऊन तयार होती. कोपऱ्यात नवी वसाहतची पोरं कामावरून थेट आलेली, कुणाच्या कपाळाला काजळी, कुणाच्या शर्टाला रंग. दस्तगीर त्यांना एकेक करून सहीला पुढं ढकलत होता. मला फेट्यात बघून तो मागं सरला.

मी सरळ त्याच्यापुढं गेलो.

"वीस नाही. पंचवीस."

दस्तगीर म्हणाला, "वीस, गुरुजी."

"फेटा बांधून आलोय रे तुझ्याकडं. बावीस कर."

"वीस."

त्याच्या मागची पोरं कान देऊन ऐकत होती. गृहपाठात मी कधी कुणाला सूट दिली नव्हती, आणि हा माझ्याच हाताखालून गेला होता.

"दे पेन," मी म्हणालो.

सही झाली. मग रंगरावचा आवाज फुटला. "दाजी! अहो, रस्सा कुणाचा खाल्लात?"

"तुझा. फार चांगला झाला होता."

"स्कूटर कुणाची?"

"तीही तुझीच."

"आता घरी चालत जावा!" रंगराव म्हणाला आणि तरातरा बाहेर गेला. हार त्याच्या हातातच राहिला. थोड्या वेळानं परत आला, कारण ताईला काय सांगायचं ते त्याला सुचेना. मग त्यानंच मला घरी सोडलं, पण वाटेत एक शब्द बोलला नाही. जेवढे खड्डे खरोखर होते, त्या सगळ्यांतून मात्र त्यानं स्कूटर घातली.

हंगामातली आमची दुसरीच मॅच घोडेगल्लीशी होती.

स्टेडियममध्ये एका बाजूला पूर्ण घोडेगल्ली, नाना पहिल्या रांगेत. आमच्या बाजूला नवी वसाहतचे थोडे लोक, माझा चौथीचा वर्ग आणि इंदू. मी बाकावर बसलो. नव्या हिरव्या जर्सीत मला मीच पाहुण्यासारखा वाटत होतो.

पलीकडून सुरू झालं. "गुरुजी, बाक गरम करताय का?"

"गुरुजी, शाल विसरलासा!"

"दहा मिनिटं झाली गुरुजी, पाणी पिऊन झालं का?"

मध्यंतर झालं. दोन्हीकडं गोल नाही. आमची पोरं बॉलमागं धावून लाल झाली होती. मी उठून दस्तगीरजवळ गेलो. "आता उतरू?"

"अजून नाही गुरुजी."

पुन्हा बसलो. मला कळेना, हा पोरगा शब्द पाळणार की याचाही रस्सा निघणार. घोडेगल्लीचा एक फटका खांबाला लागून परत आला. दुसरा आमच्या गोलकीपरनं छातीवर घेतला. बाकाची कडा मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

आणि मग दस्तगीरनं मैदानातून हात केला. "गुरुजी, या!"

मी उतरलो. पहिला बॉल आला, तो मी डाव्या कोपऱ्याकडच्या मोकळ्या जागेत टाकला. तिथं कुणीच नव्हतं. बॉल आपला आपण बाहेर गेला आणि घोडेगल्ली पोट धरून हसली. दुसरा टाकला, तोही तसाच. "गुरुजी, तिकडं कोण राहतंय?" कुणीतरी ओरडलं.

"बॉलकडं बघू नका रे!" मी पोरांना म्हणालो. "माझ्या खांद्याकडं बघा. खांदा वळला की तिकडं सुटा. बॉल येतोय पाठोपाठ."

तिसऱ्या वेळी मी खांदा वळवला आणि एक काळासावळा, केसांना रंग लागलेला पोरगा समोर न बघता सुटला. बॉल माझ्या पायातून निघाला तेव्हा तो तिथं नव्हता. बॉल पोचला तेव्हा तोही पोचला. त्यानं डोळे मिटून लाथ घातली. गोल झाल्याचं त्याला बाकीच्यांनी अंगावर पडून सांगितलं.

माझा वर्ग किंचाळत उभा राहिला. त्यानंतर मात्र घोडेगल्ली चवताळून उठली. बॉल आमच्याच गोलपुढं नाचायला लागला. मला मागं यावं लागलं, पुढं जावं लागलं, पुन्हा मागं. माझ्या छातीचा भाता झाला. खेळ संपायला दोन-तीन मिनिटं उरली असतील. दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं आणि बाकावरच्या पोराला खूण केली.

"गुरुजी, बाहेर."

"वीस ठरली होती!" मी धापा टाकत म्हणालो. "अजून शिल्लक आहेत."

"तुमची संपलीत. उघड दिसतंय." तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आणि गुरुजी, मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचंय तुम्हाला. पळायचं नाही."

मला अर्थ लागायला एक क्षण गेला. मग मी निघालो.

आधी मी बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती, म्हणून आधी सोडावी लागली. घोडेगल्लीचा डावा बॅक माझा जुना विद्यार्थी, त्याच्या हातात हात दिला आणि आई कशी आहे ते विचारलं. त्यांच्या गोलकीपरला लांबून नमस्कार केला. मोजे वर ओढले. दोन पावलं टाकली आणि कंबरेवर हात ठेवून आभाळ बघितलं.

घोडेगल्ली आधी हसली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळी बाजू उभी राहिली.

"गुरुजी, चला लवकर!"

"गुरुजी, पळा की!"

"अवो पळा!"

नाना इंगवले, वय वर्षं सत्तर, कठड्यावर चढले होते. धोतराचा सोगा एका हातात धरून ते घसा फाटेपर्यंत ओरडत होते, "जयवंता, पळ! पळ रे! तू वाघ हायस!"

मी थांबलो आणि त्यांनाही नमस्कार केला.

तेवढ्यात पंच धावत आले. मोठे कडक गृहस्थ, त्यांची मुलगी आमच्याच शाळेत दुसरीला होती. त्यांनी खिशात हात घातला.

"पंच साहेब," मी म्हणालो, "दुसरीच्या हजारे बाई सांगत होत्या, सुलभाचं वाचन पुष्कळ सुधारलंय म्हणून."

"गुरुजी, वेळ काढताय तुम्ही," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या नाकासमोर पिवळं कार्ड धरलं. सगळा जन्म मैदानावर गेला माझा, पण कार्ड कधी मिळालं नव्हतं.

मी ते नीट निरखून बघितलं. मग त्यांना विचारलं, "आणि गणितात कशी आहे?"